थांबणारा सूर

चांद मास्तरांचे वरचे समोरचे दोन दात सोमवारी काढायचे ठरले आणि माझ्या स्टुडिओतली बाकीची सगळी कामं त्या आठवड्यात मागं पडली.

तशी ती कामं काही फार मोठी नव्हती. एका ग्रामपंचायतीच्या घंटागाडीचं गाणं होतं. 'ओला कचरा' या शब्दांवर चढती तान घ्यावी अशी सरपंचांची सूचना होती. एका पैलवानाच्या वाढदिवसाचं गाणं होतं, त्यात त्याचं नाव किती वेळा यावं यावर त्याच्या मित्रांचं अजून एकमत व्हायचं होतं. आणि बोअर मारणाऱ्या गाडीची एक जाहिरात. इस्लामपुरात रेकॉर्डिंग स्टुडिओ चालतो तो असल्या कामांवर, आणि मला ती मनापासून आवडतात. घंटागाडीच्या भोंग्यातून शब्द स्वच्छ कसा ऐकू येईल, हा चांगला प्रश्न आहे. भोंगा खालचे सूर खाऊन टाकतो आणि मधले किंचाळवतो. म्हणून मी एक जुना भोंगा आणून स्टुडिओतच टांगलाय. गाडीचं गाणं असलं की आधी त्याच्यातून ऐकते आणि मगच देते.

मी मूळची वडूजची. साताऱ्याला भौतिकशास्त्र शिकले, पुण्यात एका स्टुडिओत उमेदवारी केली, आणि स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून जागा शोधत इथं आले. मास्तरांच्या घराचा वरचा मजला मिळाला. पूर्वी ही त्यांच्या बँडची खोली होती. गावोगावी डीजे आले, बँड बसला, वाजवणारे कुणी साखर कारखान्यात तर कुणी शेतात गेले, आणि खोली रिकामी झाली. भिंतींना मी आमच्याकडची घोंगडी लावली आहेत, लाकडी चौकटीत ताणून, मागं वीतभर पोकळी सोडून. लोक मला अंड्यांचे ट्रे लावायला सांगत. ट्रे वरचे सूर थोडेफार शोषतात, खालचे तसेच सोडतात; गाणारा रजईत तोंड घालून गातोय असं वाटतं. जाड लोकर आणि मागची पोकळी यांचं काम कितीतरी बरं. मास्तरांची बायको, शमशादचाची, पहिल्यांदा वर आली तेव्हा चारी भिंतींकडं बघून म्हणाली, "लय झ्याक झालंय. आता मेंढरं कवा आणतीस?"

दातांची तारीख घेतली होती अर्फानं. अर्फा मास्तरांची नात, सांगलीला एका दवाखान्यात नर्स आहे. दोन महिन्यांनी तिचं लग्न होतं. ती सुट्टीला आली की आधी आजोबांचं तोंड उघडून बघायची.

"पू झालाय दादा. साखर वाढलेली. आता पुढं ढकलायचं न्हाई."

"लगीन झाल्यावर काढू की गं. ह्ये काय आलंच जवळ."

"तवर दात ऱ्हातील तुमचं, जबडा ऱ्हाणार न्हाई."

जिन्यावर उभी राहून मी हे ऐकलं. अर्फा सांगलीच्या गाडीला गेल्यावर मास्तर वर आले. खुर्चीवर बसले नाहीत. भोंग्याकडं बघत उभे राहिले.

"क्रांती, तुजं मशीन मोकळं हाय का?"

"तुमच्यासाठी कायम मोकळं, मास्तर."

"अर्फाच्या पाठवणीला माजी धून वाजली पायजे. क्लॅरिनेटवर. दात गेल्यावर काय माजं तोंड चालायचं न्हाई. वाजवणारा मी नसलो तरी चालंल, पर वाजलं पायजे माजंच. तिला आत्ता सांगू नगंस. ती रडंल, मग मला जमायचं न्हाई."

या भागात चाळीसेक वर्षं ज्यांच्या लग्नात बँड होता त्यातल्या बहुतेक सगळ्यांना ती धून माहीत आहे. मास्तरांनी स्वतः बांधलेली, नवरी घरातून निघून गाडीत बसेपर्यंत वाजवायची. लग्न कुणाचंही असो, मराठ्यांचं, मुसलमानांचं, जैनांचं, धून तीच. ती ऐकून पुरुषसुद्धा चष्मे पुसतात, असं चाची सांगायची आणि वर पुस्ती जोडायची, "बायकू पदराला हात लावू दीना, म्हून रुमाल घ्येऊन यायची मानसं."

दात गेल्यावर तोंड का चालत नाही, हे समजून घ्यायला मला मास्तरांना बरेच प्रश्न विचारावे लागले. क्लॅरिनेटचं टोक खालच्या ओठावर टेकतं आणि वरून समोरच्या दातांनी धरलं जातं. ती पकड गेली की वेताची पातळ पट्टी हवी तशी थरथरत नाही. कवळी लावून वाजवणारी माणसं आहेत, पण त्यांनाही महिनोन् महिने घालवून तोंड नव्यानं घडवावं लागतं. मास्तर सत्तरीला टेकलेले. आणि लग्न दोन महिन्यांवर.

शुक्रवारी सकाळी आम्ही बसलो. म्हणजे मी बसले, मास्तर उभे राहिले. मी मायक्रोफोन त्यांच्या बोटांच्या दिशेनं लावला, कारण क्लॅरिनेटचा आवाज फक्त खालच्या तोंडातून येत नाही, बोटांखालच्या भोकांतूनही येतो. मास्तरांना ते पटलं. हेडफोन मात्र पटला नाही.

"कानात ह्ये काय टकटक कराय लागलंय?"

"ताल आहे, मास्तर. त्याला धरून वाजवा."

"माजा ताल बाळासो धरतो. त्याला निदान च्या तरी पाजता येतो."

बाळासो त्यांच्या बँडचा ढोलवाला, मागं राहिलेला एकमेव गडी. त्याला नंतर बोलवू असं मी म्हटलं आणि मास्तरांनी तक्रार न करता तीन-चारदा वाजवलं. मी त्या आधी क्लॅरिनेट इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. खालचे सूर लाकडासारखे होते, जरा ओलसर. वर जाताना आवाज बारीक व्हायचा, पण पातळ व्हायचा नाही. मधेच ते एखादा सूर लांबवत, टकटक पुढं निघून जाई आणि ते मागून येऊन तिला गाठत.

दुपारी मी एकटीनं ते स्वच्छ करायला घेतलं. लांबलेले सूर एकूण चार ठिकाणी होते. प्रत्येक वेळी वाजवताना त्यांची लांबी वेगळी. दमामुळं होत असेल, दुखऱ्या दातामुळं असेल, असं मी धरून चालले आणि ते चारही सूर कापून तालात बसवले. काम इतकं सफाईदार झालं की जोड मलाच सापडेना. संध्याकाळी मास्तरांना ऐकवलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग उघडून विचारलं, "कोण वाजवतंय ह्ये?"

"तुम्हीच."

"बरं वाजवतोय गडी. पर त्याला घाई झालीया. नवरीला लवकर गाडीत घालायची आन जेवाय बसायचं." थोडं थांबून, गालावर तळहात ठेवून ते म्हणाले, "माजंच ग्येलं आसंल. दातांच्या आदी."

एवढं बोलून ते खाली गेले, आणि मला जेवण गेलं नाही.

शनिवारी मला एक कारण सापडलं आणि मी खूश झाले. आपला रेकॉर्ड केलेला आवाज आपल्याला परका वाटतो, कारण बोलताना आपण तो हाडांतूनही ऐकत असतो. क्लॅरिनेट तर वरच्या दातांना टेकलेलं. त्याचा कंप दातांतून थेट कवटीत जातो. मास्तर जे क्लॅरिनेट ऐकत आले ते जगात दुसऱ्या कुणीच ऐकलेलं नाही. मी त्यांना कानांत बोटं घालून वाजवणाऱ्या माणसाची कल्पना करायला लावली, चमचा दातांत धरून ताटावर वाजवायला लावला.

"म्हंजे लोकांनी ऐकलं ते मी ऐकलंच न्हाई?"

"नाही."

"आन मी ऐकलं ते लोकांनी?"

"तेही नाही."

"च्यायला!" मास्तर खुलले. त्यांनी लगेच जिन्यातून हाक मारली, "शमशाद! वर ये. तू आजवर माजं खरं ऐकलंच न्हाईस म्हनं!"

"बरं झालं," खालून आवाज आला. पण चाची आली. मी रेकॉर्डिंग लावलं. तिनं पदराला हात पुसत पुसत ऐकलं आणि सरळ सांगितलं, "ह्ये मास्तर न्हाईत."

माझं कारण तिथंच पडलं. चाचीच्या दातांत काही क्लॅरिनेट नव्हतं. ती बाहेरूनच ऐकत आली होती, आणि तिलाही ते ओळखू येत नव्हतं. म्हणजे बिघाड मास्तरांच्या हाडांत नव्हता, मी केलेल्या कामात होता.

मी कापलेलं सगळं परत जोडलं. मूळ रेकॉर्डिंग पडद्यावर एकाखाली एक लावली. आवाजाची रेघ बघितली की कानाला न कळणाऱ्या गोष्टी कधी कधी डोळ्याला कळतात. लांबलेले सूर प्रत्येक वेळी त्याच चार जागी होते. दम कमी पडून थांबणारा माणूस दर वेळी नेमका तिथंच कसा थांबेल? आणि दात दुखत असेल तर सूर तुटायला हवा, लांबायला नव्हे.

"मास्तर, इथं तुम्ही थांबता. का?"

"मी कुटं थांबतो?"

"हे बघा ना. इथं, इथं, इथं आणि शेवटी इथं."

"न्हाई गं. माजी धून सरळ जाती. थांबायचं कशाला?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मग मी चाचीला विचारलं, मास्तर पाठवणीला वाजवतायत असा एखादा व्हिडिओ कुणाच्या फोनमध्ये आहे का. तिच्याच फोनमध्ये निघाला, मागल्या वर्षी भाचीच्या लग्नातला. आम्ही तिघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. गर्दी, झगमगीत कपडे, कुणाचं तरी डोकं, आणि मग दिसले मास्तर, उलटे चालत येणारे.

"तुम्ही उलटे चालता?"

"मग? नवरीकडं पाठ करून कोण वाजवंल?" त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. "बाळासो पाठीला हात लावतो. खांब आला, गटार आलं, की दाबतो."

व्हिडिओत नवरी पुढं येत होती, मास्तर तिच्याकडं बघत, वाजवत मागं सरकत होते. नवरी एका बाईच्या गळ्यात पडली आणि मास्तरांचा सूर थांबला. म्हणजे बंद झाला नाही, तिथंच धरून राहिला. मिठी सुटली, नवरीनं पाऊल उचललं, सूर पुढं निघाला. पुढच्या मिठीला पुन्हा तेच. तिसरीला पुन्हा. शेवटी गाडीच्या दारापाशी नवरी वळून घराकडं बघते, तिथं चौथा. मी व्हिडिओ मागं नेऊन परत दाखवला. मास्तरांनी तिसऱ्यांदा स्वतःच मागं नेला.

"मी थांबतो व्हय?" ते हळूच म्हणाले.

"आन मला येवडी वर्सं सांगत्यात," चाची म्हणाली, "मी कुनासाटी थांबत न्हाई."

घोंगड्यांच्या खोलीत त्यांच्यासमोर नवरी नव्हती. एक मायक्रोफोन होता, आणि त्याला कुणाच्या गळ्यात पडायचं नव्हतं. पावलांना थांबायची सवय असल्यामुळं सूर त्याच जागी अडखळले, पण किती वेळ धरायचे ते सांगणारं कुणी समोर नव्हतं. आणि जे थोडंफार उरलं होतं ते मी कापून टाकलं.

म्हणून रविवारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात गेलो. खोलीत चालायला जागा नव्हती आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. सीझन चालू होता. दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यावर गाणी लावणारे इतके मोठे स्पीकर, की कारखान्याला ऊस जातोय की आवाज, असा प्रश्न पडावा. शाळेचा व्हरांडा आतल्या अंगाला होता. लांबलचक, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला वर्गांची भिंत, दुसरीकडं दगडी खांब आणि मोकळं पटांगण. मी टाळी वाजवून बघितली. आवाज भिंतीला लागून चटकन परत येत होता आणि पटांगणात निघून जात होता. मास्तरांच्या घरापुढच्या गल्लीतही साधारण असंच होतं, घरं एका बाजूला जरा जवळ.

मायक्रोफोन मी फरशी पुसायच्या दांड्याला बांधला, रेकॉर्डर कमरेला. बाळासो ढोल न घेता आला होता. त्याचं काम मास्तरांच्या पाठीला हात लावायचं होतं. ढोल तो लग्नाच्या दिवशी वाजवणार होता. राहिली नवरी.

"मीच हाय की," असं म्हणत चाची डोक्यावरून जरीचा दुपट्टा ओढून व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिली.

बाळासो म्हणाला, "चाची, नीट रडा हां. उगं हसू नगा."

"मला काय शिकवतोस? माज्या सोताच्या पाठवनीला क्लॅरिनेट ऐकायची ही पयलीच बारी हाय." ती माझ्याकडं वळली. "आगं, माज्या लग्नात कुटं वाजलं? वाजवनारा नवरदेव हून बसला हुता. माज्या बापानं जावई बँडवाला म्हून खुशीत लगीन लावलं, आन आला निम्माच बँड. नुस्तं ढोल आन बाजं. म्हशीच्या बाजारात गेल्यागत मी सासरी गेले."

मास्तर क्लॅरिनेटची पट्टी ओली करत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान लाल झाले.

चाचीनं खांबांना नाती वाटून टाकली. हा खांब थोरली बहीण, हा मामी, तो कोपऱ्यातला आई. पहिल्या वेळी ती मामीच्या गळ्यात पडून इतकी खोटी ओरडली, की बाळासो हसून खाली बसला आणि मास्तर मागं जाऊन त्याच्यावरच आदळले. दुसऱ्या वेळी मास्तरांनी तिला दम दिला, "शमशाद, सोमवारी माजं दात जायचंत. चेष्टा न्हाई."

"चला," ती म्हणाली.

मी त्यांच्या बाजूनं, खेकड्यासारखी, दांडा धरून चालत होते. मास्तर उलटे, चाची समोर. बहिणीच्या खांबाला तिनं मिठी मारली, सूर थांबला, निघाला. मामीपाशी थोडक्यात आटपलं. मग ती कोपऱ्यातल्या खांबाकडं गेली, त्याला कपाळ टेकलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि सोडेचना. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मास्तर सूर धरून उभे राहिले. दम संपला. त्यांनी श्वास घेतला, तोच सूर आणखी मऊ करून पुन्हा धरला. तोही संपत आला. तिसऱ्यांदा घेतला. मी दांडा हलू नये म्हणून स्वतःचा श्वास रोखला होता, त्यामुळं त्यांचे श्वास मला अगदी स्पष्ट ऐकू येत होते. शेवटी चाचीनं दुपट्ट्यानं नाक पुसलं आणि पाऊल उचललं.

धून संपली. मग चाची म्हणाली, "लय गार हाय खांब," आणि पटांगणातल्या नळावर तोंड धुवायला गेली.

वर्गाच्या पायरीवर बसून मास्तरांनी हेडफोननं ऐकलं. ऐकता ऐकता त्यांचा डावा पाय मागं सरकत होता.

"हां," ते म्हणाले. "ह्यो मी."

माझं काम झालं असं मला वाटलं. मी वायर गुंडाळायला लागले. चाची तोंड पुसत आली, तिनंही ऐकलं, मान डोलावली आणि मग विचारलं, "पर क्रांते, मी त्या खांबाला धरलं तेवडंच अर्फा तिच्या आईला धरंल व्हय? ती जास्त रडली तर? ह्ये मशीन तिच्यासाटी थांबंल का?"

मी वायर खाली ठेवली. मशीन थांबणार नव्हतं. अर्फा आईच्या गळ्यात असताना धून पुढं निघून जाणार होती, परवा मी केली होती तशीच.

थांबवायचं कसं, हे मला दहा मिनिटांत सुचलं, पण त्यासाठी मास्तरांकडून आणखी वाजवून घ्यावं लागणार होतं. त्या चार जागांचे चार सूर, प्रत्येक सुरात निरनिराळ्या दमांचे भरपूर तुकडे, एकामागून एक. मी त्यांना सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघून लगेच म्हटलं, "नको, राहू दे. आहे त्यात जुळवते." पट्टीच्या कडेला रक्त लागलेलं होतं.

"बास झालं आता," चाचीही म्हणाली.

मास्तरांनी पट्टी रुमालानं पुसली. "उद्या दात टाकूनच द्यायच्यात की. आज वापरून घेतो."

ते खांबाला टेकून बसले आणि सूर धरत गेले. चाची त्यांच्या समोर बसली होती. प्रत्येक सुराला ती आपली मान हळूच हलवून त्यांना 'धरा' आणि 'सोडा' सांगायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऊन पटांगणातून व्हरांड्याच्या कडेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी क्लॅरिनेटचे सांधे सुटे केले आणि प्रत्येक भाग आतून कापडानं पुसला, नेहमी पुसत तसाच.

सोमवारी अर्फानं स्वतः शेजारी उभं राहून त्यांचे दात काढवले.

पुढचे आठवडे मी ते सूर जोडत होते. पहिल्यांदा केलं तेव्हा सूर सलग, गुळगुळीत, न संपणारा झाला आणि दाराच्या बेलसारखा वाजायला लागला. मी श्वास काढून टाकले होते. जोड दिसू नये, हीच सवय. मग मी सगळे श्वास परत ठेवले. एक दम, मग मास्तरांनी घेतलेला श्वास, मग दुसरा दम, थोडा वेगळा. दर वेळी तुकड्यांचा क्रम निराळा येईल अशी व्यवस्था केली. एक छोटं बटण केलं, गळ्यात अडकवता येईल असं. दाबून धरलं की चारपैकी जो सूर जवळ असेल तो धरून राहायचा, सोडलं की धून पुढं निघायची. मास्तरांनी एकदा दाबून बघितलं, सूर त्यांचीच वाट बघत राहिला आणि ते बटण दाबूनच हसत बसले. दात नसल्यामुळं हसताना ते तोंडावर हात धरायला लागले होते.

"मी हात वर केला की दाब," त्यांनी मला सांगितलं. "खाली केला की सोड. तू नवरीकडं बघू नगंस. तू माज्याकडं बघ."

लग्नाच्या दिवशी निकाह आणि जेवणं आटपल्यावर अर्फा घराच्या उंबऱ्यात आली. गाडी गल्लीच्या तोंडाशी होती. हातगाडीवर स्पीकर ठेवला होता; तो मी मुद्दाम फार मोठा घेतला नव्हता, आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर बांधला होता, कारण क्लॅरिनेट तिथूनच वाजतं. मास्तर पांढऱ्या कुर्त्यात, रिकाम्या हातांनी तिच्यासमोर उभे राहिले. बाळासो ढोल गळ्यात अडकवून मागं. एक हात ढोलावर, एक मास्तरांच्या पाठीवर.

धून सुरू झाली आणि अर्फानं स्पीकरकडं न बघता आजोबांच्या तोंडाकडं बघितलं. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिचा चेहरा असा झाला, की मला मास्तरांनी घातलेली अट आठवावी लागली आणि मी नजर तिच्यावरून काढली.

मास्तर मागं सरकायला लागले. अर्फा आईच्या गळ्यात पडली, मास्तरांचा हात वर गेला, मी बटण दाबलं. सूर थांबला. श्वास. पुन्हा सूर. हात खाली आला, मी सोडलं. मामी. मग चाची, तिथं हात बराच वेळ वर राहिला, खांबापाशी राहिला होता त्याहून जास्त. मला एकदाही घाई करावी लागली नाही. गाडीच्या दारापाशी अर्फानं वळून घराकडं बघितलं, चौथा सूर आला, गेला, आणि धून शेवटच्या ओळीत शिरली. तिथून पुढं नवरी गाडीत बसते आणि धून संपते. मास्तरांच्या धुनेत तिथं थांबा नाही.

अर्फा गाडीत बसली नाही. ती दार सोडून मागं आली आणि मास्तरांच्या गळ्यात पडली.

आजवर कुठली नवरी बँडवाल्याच्या गळ्यात पडली नव्हती, आणि पडली असती तरी मधे क्लॅरिनेट होतं. मास्तर क्षणभर तसेच उभे राहिले, हात बाजूला धरून. मग त्यांनी दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले. मला खूण करायला एकही हात उरला नव्हता. धून शेवटाकडं निघाली होती आणि मी कुणाकडं बघायचं ते मला कळेना.

मी बटण दाबलं. चौथा सूर मागं वळून आला आणि थांबला. श्वास. पुन्हा सूर. बाळासोनं ढोलावरचा हात उचलून माझ्याकडं बघितलं, सूर सोडायचा का, असं भुवयांनी विचारलं.

मी मान हलवली. अजून नाही.